पायरीवरचं माणूस

कारखान्याच्या दारातच श्रेणिक मगदूम यांनी माझ्या हातात पिवळं हेल्मेट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, आधी चहा की आधी कासव?"

"आधी कासव," मी म्हणाले. ज्याचा चहा प्यायला त्याला नापास लिहिताना हात अडखळतो, हे दहा वर्षांच्या नोकरीत मला चांगलं कळलंय.

मी हर्षदा आंबी, पूरनिवारण विभागाची तपासणी अधिकारी. दोन हजार त्रेचाळीस सालचा मे महिना संपायला सतरा दिवस उरले होते आणि तेवढ्यात पलूसजवळच्या या कारखान्यातली चाळीस वाहनं कृष्णाकाठच्या गावांना पोचवायची होती. जमिनीवर चालणारी, चिखलात न रुतणारी, पाण्यात शिरली की तरंगणारी आणि मुख्य म्हणजे चालकाशिवाय चालणारी. कागदावर त्यांचं नाव 'उभयचर सर्वभूमी वाहन' असं होतं. कारखान्यात ते नाव कुणाच्या तोंडून एकदाही निघालं नाही. सगळे कासवच म्हणत होते.

माझी सही झाली की कासवं बाहेर पडणार. नाही झाली तर यंदाच्या पुरात त्या चाळीस गावांकडे फायबरच्या जुन्या होड्या आणि त्या हाकायला साठी उलटलेले सात-आठ नावाडी. तरुण पोरांनी वल्हं केव्हाच सोडलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगते, मागाहून कुणी बोट दाखवायला नको. या कासवांना पाणी शिकवणारा माणूस माझा बाप आहे. श्रीपती आंबी, म्हणजे आण्णा, आमच्या गावचा शेवटचा नावाडी. हे मी साहेबांना लेखी कळवलं होतं. साहेब म्हणाले, "वडील मालक नाहीत ना? मग जा. दुसरं आहे कोण इथे?" ते खरंच होतं. विभागात मंजूर अधिकारी चार, हजर मी एकटी. आणि आण्णांची मी बाजू घेईन अशी भीती बाळगायचं काही कारणही नव्हतं. बारा वर्षं आम्ही 'जेवलीस का' आणि 'औषध घेतलं का' यापलीकडे बोललो नव्हतो.

पहिल्या शेडमध्ये भट्टी होती. तिच्यात प्लास्टिकची भुकटी भरलेला भला मोठा साचा सावकाश फिरत होता. भुकटी वितळून साच्याला आतून चिकटते आणि बिनसांध्याचा टब तयार होतो. सांधा नाही म्हणून गळती नाही, पण चाकांचे दांडे जिथून बाहेर येतात तिथे आठ भोकं पाडावीच लागतात. म्हणून पुढच्या शेडमध्ये टबाला आतून खडूची पूड फासून तो हौदात सोडत होते. थेंब शिरला तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मी अकरा टब वाकून वाकून पाहिले.

"शोधा, शोधा," मगदूम मागून म्हणाले. "सापडली तर मलापण दाखवा."

सापडली नाही. मनातून मला थोडं वाईटच वाटलं. आठही चाकांचे टायर चांगले होते. हवा इतकी कमी की अंगठ्यानं दाबलं तरी खड्डा पडावा. असा टायर चिखलावर पसरतो, पाण्यात त्याच्या खाचाच वल्ह्याचं काम करतात, आणि ओढ जास्त असली की मागचा पंप पाण्याचा झोत सोडून रेटा देतो. इथवर नवल काही नव्हतं. अशी वाहनं जगात फार वर्षांपासून आहेत.

नवल होतं ते टबाच्या पोटाखाली. ते दाखवायला इरफान मुजावर आला. कासवांचा मेंदू त्यानं घडवला होता. वय जेमतेम तीस, दाढी वाढलेली, शर्टाला ग्रीस.

"मॅडम, माशाच्या कुशीवर एक बारीक रेघ असते बघा. पाणी कुठून दाबतंय, कुठं भोवरा फिरतोय, हे त्याला त्या रेघेतनं कळतं. गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? तशी ही कातडी." त्यानं टब उलटा करून दाखवला. काळ्या रबरी कातडीत चारशे ठिपके होते. प्रत्येक ठिपका पाण्याचा दाब मोजत होता.

"आणि मोजून करायचं काय, ते कोण सांगतं?"

"कुणीच नाही. नियम एकपण लिहिलेला नाही. दोन वर्षं आण्णांनी कासव चालवलं. कातडीला काय कळलं, कॅमेऱ्याला काय दिसलं आणि त्याच क्षणी आण्णांच्या हातांनी काय केलं, एवढंच यंत्र टिपत गेलं. कृष्णा, वारणा, पंचगंगा, सगळ्या नद्या पालथ्या घातल्या. आता हात नसले तरी ते तसंच करतं."

"म्हणजे आण्णांच्या चुकापण करत असणार."

इरफान हसला. "आण्णा पाण्यात चुकतात व्हय?"

मी हसले नाही. आण्णा पाण्यात चुकतात की नाही, यावर माझं मत वेगळं होतं.

शेवटची चाचणी कारखान्यामागच्या जुन्या दगडखाणीत होती. खाणीत पाणी सोडलेलं, एका अंगाला सहा मोठे पंप, आणि अलीकडच्या काठाला खऱ्या घाटासारख्या अठरा पायऱ्या बांधलेल्या. पंप सुरू झाले तसं पाणी तांबडं होऊन उसळायला लागलं. अकरा वाजले होते. ऊन रणरणत होतं आणि तरी त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला.

आण्णा काठावर कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली.

चाचणी साधी होती. वाळू भरलेल्या आठ बाहुल्या कासवात बसवायच्या, कासवानं त्या दीडशे मीटरवरच्या पलीकडच्या काठाला न्यायच्या. नियमाप्रमाणे एक जिवंत माणूस आत हवं, म्हणून इरफान जीवरक्षक जाकीट घालून मागं बसला. बाहुल्या बसल्या. भार पडल्यावर टब किती बुडतो ते पाहायला मी खाली उतरले, अगदी पाण्याला लागलेल्या पायरीपर्यंत. पाण्याच्या रेघेपासून कडेपर्यंत चार बोटं जागा होती. मी ते लिहून घेतलं आणि तिथेच उभी राहिले.

कासव निघालं. काय सुरेख निघालं! ओढीला तिरकं तोंड लावून, जराही न डुलता. आण्णांची होडी अशीच निघायची. मी आकडा लिहायला मान खाली घातली आणि वर बघते तर कासव वळत होतं.

चाळीसेक मीटरवर होतं ते. डाव्या अंगाला वळून ते सबंध आडवं झालं होतं, आणि ताशी बारा किलोमीटरच्या वेगानं येणारं पाणी त्याच्या कुशीवर आदळत होतं. एक बाहुली पडली. दुसरी पडली. टबाची कड पाण्याखाली गेली.

"बंद करा! पंप बंद करा!" मगदूम ओरडले. पण पंप थांबले तरी एवढं पाणी लगेच कुठलं थांबतंय? इरफान लाल बटण दाबत होता. मेंदू बंद झाला तर कासव लाकडाच्या ओंडक्यासारखं वाहून जाणार, म्हणून दोनदा दाबल्याशिवाय ते बटण काम करत नाही, आणि दुसऱ्यांदा दाबायच्या आतच त्याचा तोल गेला. तो पाण्यात पडला. कासवाचं तोंड माझ्या दिशेनं होतं आणि मध्ये इरफान होता.

तेवढ्यात आण्णांचा आवाज आला. तसा आवाज मी बारा वर्षांत ऐकला नव्हता.

"हर्षे! पायरीवरनं वर ये! पळ! कठड्याच्या मागं जा आधी!"

का, ते मी विचारलं नाही. अठरा पायऱ्या पळत चढले आणि कठड्यामागं बसले. तिथून काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. कासवाच्या पंपाचा आवाज बदलला. कुणीतरी दोर फेकला. मग मगदूम हळू आवाजात म्हणाले, "सरळ झालं. गेलं. पलीकडं गेलं."

इरफानला दोराला धरून वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलं होतं, कोपर सोललं होतं, बाकी धड होता. मी उठले आणि आण्णांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. मी पायरीवर आहे म्हणून कासव वळलं, हे त्या काठावर फक्त त्यांना माहीत होतं. आणि आधीपासून माहीत होतं.

मगदूमांच्या केबिनमध्ये चहा आला. मी घेतला नाही.

"मॅडम, चाचणीच्या वेळी पायरीवर माणूस नसतो," ते म्हणाले. "तिथं कुणी उभं राहावं असा नियमच नाही. तुम्ही तिथं थांबायला नको होतं."

"पुरात घाटावर माणूस नसतो का, मगदूम साहेब? कासवात आठ बसतात. नववा कुठं असतो?"

मगदूमांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता. "जून तोंडावर आलाय. सही करा. दोष काय तो पावसाळ्यानंतर काढू. चाळीस गावं आहेत."

"भरल्या कासवासकट आठ माणसं बुडाली तर?"

"आणि कासवच नसलं म्हणून ऐंशी बुडाली तर?" त्यांनी टेबलावर हात आपटला, मग स्वतःच ओशाळले. "बरं, लिहा नापास. पण कारण लिहावं लागेल ना? लिहा, तुमच्या वडिलांनी बिघडवलं म्हणून."

हे मात्र बरोबर जागी लागलं.

कोपराला पट्टी बांधून इरफान आत आला आणि त्यानं पडद्यावर रेघा काढल्या. दोन वर्षांत आण्णांनी जितक्या वेळा एखादा घाट सोडला, तितक्या रेघा. घाट रिकामा असला की रेघ सरळ जात होती. घाटावर कुणी उभं असलं, धुणं धुणारी बाई असो की मासे धरणारा म्हातारा, की चाळीस मीटरवर रेघ डावीकडे झुकत होती. थोडीशीच. लगेच पुन्हा सरळ. अशा तीनशे बारा रेघा होत्या आणि एकही त्याला अपवाद नव्हती.

"आम्हाला वाटलं वाऱ्यानं होत असेल," इरफान म्हणाला. "आण्णा लगेच सावरायचे. यंत्रानं वळणं उचललं, सावरणं नीट उचललं नाही. आणि हे काढून टाकता येत नाही, मॅडम. कणकेत मीठ मळल्यावर ते वेगळं कसं काढणार? सगळ्या चालवण्यात ते मिसळलंय."

दोन हजार एकतीसच्या पुरात आमच्या घाटावरून आण्णांची होडी निघाली तेव्हा तिच्यात बारा माणसं होती. बारावी मी. जागा एकच उरली होती आणि आईनं मला ढकलून बसवलं होतं, "तू बस, मी फुडच्या खेपेला येते." ती पुढची खेप तिला मिळाली नाही. आई पायरीवर राहिली याचं मला जितकं दुःख होतं, तितकाच राग आण्णांचा होता. तो राग एकाच गोष्टीचा होता. ते एकदाही वळले नाहीत, असं मी बारा वर्षं धरून चालले होते.

आण्णा शेडच्या मागे एका पालथ्या टबावर बसले होते. मी शेजारी बसले.

"कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपास्नं. वारणंवर एकदा आसंच वळलं. म्या हातानं सरळ केलं."

"मग बोलला का नाहीत? आज इरफान मेला असता."

"व्हय. मेला आस्ता." ते शेडकडे बघत म्हणाले, "यंत्र मागं वळतंय म्हनून सांगितलं आस्तं तर का वळतंय ते बी सांगाया लागलं आस्तं. ते म्या कुनाला सांगितलं न्हाई. तुला न्हाई, तर ह्यास्नी काय सांगू? आन खरं सांगू का, पोरी? मला ते बरं वाटायचं. म्हटलं, निदान हे तरी कुनाला टाकून जायाचं न्हाई."

"आण्णा, त्या दिवशी तुम्ही वळला होता?"

"तुला कसं कळनार? तू तोंड झाकून बसलीवतीस." त्यांनी टबावर बोटानं वळण काढून दाखवलं. "दोनदा होडी फिरवली. दुसऱ्या बारीला पानी आत आलं. लोकं वरडाया लागली. तुज्या शेजारी शिंद्याची सून तान्हं घिऊन बसलीवती. मंग सरळ केली. परत गेलो तवा वरच्या पायऱ्या बी दिसत न्हवत्या."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बारा वर्षं मी या माणसावर चुकीच्या गोष्टीसाठी रुसले होते, आणि हे मला माणसानं नाही, यंत्रानं सांगितलं होतं. त्याची मला फार लाज वाटली.

मग मी केबिनमध्ये जाऊन नापास लिहिलं. कारणही लिहिलं: 'मागे राहिलेल्या माणसासाठी वळण्याची शिकवणाऱ्याची सवय यंत्राने उचलली आहे. शिकवणारा माझा पिता आहे.' खाली फेरतपासणीची तारीख घातली, तेरा दिवसांनंतरची. मगदूमांनी वाचलं आणि कागद फायलीत लावला.

उपाय इरफाननं सांगितला. मीठ काढता येत नाही, पण पीठ वाढवता येतं. त्याच हातांनी, घाटावर माणूस असताना, न वळता कासव न्यायचं. एकदा नाही, निदान दीडशे वेळा. यंत्र जुन्यापेक्षा नव्याला जास्त वजन देतं.

पायरीवर आधी एक बाहुली ठेवून पाहिली. आण्णांचे हात हललेच नाहीत. बाहुलीसाठी कोण वळतंय? मग मगदूम स्वतः उभे राहिले. रेघ झुकली, पण जेमतेम. इरफान म्हणाला, "एवढ्यानं नाही भागायचं. ज्या ओढीनं हे शिकलंय, तेवढ्याच ओढीला नाही म्हटलेलं त्याला दिसायला पाहिजे."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी अधिकारी म्हणून तिथे असण्याची ती वेळ नव्हती. मी रजेचा अर्ज टाकला आणि पायरीवर जाऊन उभी राहिले.

पहिल्या दिवशी एकोणीस खेपा झाल्या आणि एकोणीस वेळा कासव झुकलं. विसाव्या खेपेला आण्णांनी कासव काठाला लावलं, उतरले आणि कठड्यामागं जाऊन ओकले. "पुरे करा आता," इरफान म्हणाला. "इस मिनटं दे," आण्णा म्हणाले, आणि वीस मिनिटांनी पुन्हा येऊन बसले.

पाचव्या दिवशी, एकाहत्तराव्या खेपेला, चाळीस मीटर आले आणि गेले. कासव सरळ पुढे निघालं. इरफाननं काठावरून आनंदानं आरोळी ठोकली. मी मात्र तिथे उभी होते आणि मला वाटत होतं, वळा. फक्त एकदा वळा. हे मीच घडवून आणलं होतं, तरी. आईला असं बघत राहायला वेळ तरी मिळाला का, कोण जाणे. त्यानंतर आणखी एकशे एक खेपा झाल्या आणि त्यांतल्या नऊ सोडल्या तर सगळ्या सरळ.

फेरतपासणीला मी रजा संपवून आले. सहाही पंप सुरू. आठ बाहुल्या, मागे इरफान, या वेळी कमरेला दोर बांधून. चालवायला कुणी नाही. मी पाण्याला लागलेल्या पायरीवर गेले आणि आण्णा न बोलावता माझ्या मागोमाग उतरले. घाटावरून होडी निघताना ते आयुष्यात कधी पायरीवर नव्हते.

कासव निघालं. वीस मीटर. तीस. आण्णांनी माझं मनगट धरलं. चाळीस. पाण्यानं कुशीला एक मोठा धक्का दिला, कासव डुललं, मेंदूनं तोंड पुन्हा ओढीला लावलं आणि ते पुढे गेलं. पन्नास, साठ. पलीकडचा काठ. त्याची काळी पाठ लहान होत गेली.

"आसं दिसतंय व्हय हितनं," आण्णा म्हणाले.

मी कागदावर वेळ टिपली.

सही करायला हरकत नव्हती. नियमाप्रमाणे चाचणी तिथेच संपत होती. पण मी थांबले. बाहुल्या उतरवून कासव रिकामं झालं, जागच्या जागी फिरलं आणि कुणीही न सांगता परत यायला लागलं. आण्णांच्या हातांकडून ते हेही शिकलं होतं. मघापेक्षा जास्त वेगानं आलं, पायरीला लागलं आणि त्याची फळी आमच्या पायाशी टेकली.

"बस तू," आण्णा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

"आठ जागा आहेत, आण्णा. सगळ्या रिकाम्या आहेत."

ते फळीकडे बघत राहिले. मी त्यांचा दंड धरला, त्यांना आधी चढवलं आणि मग मी चढले. मधल्या पाण्यात कागद मांडीवर घेऊन मी पास लिहिलं. सही वाकडी आली. मान वर केली तर आण्णा मागे वळून घाटाकडे बघत होते. पायरीवर कुणी नव्हतं.